सव्वा इंचाचं माप

गेल्या वर्षी आमच्या घरातल्या नऊ महिन्यांच्या बाळाच्या तोंडातून आम्ही घुंगरू काढलं. पायातल्या चांदीच्या वाळ्याचं. बाळ पाय तोंडात घालून चोखत होतं आणि चोखता चोखता डाख सुटला. घुंगरू जिभेवरच दिसत होतं म्हणून निभावलं. (दिसत नसेल तर अंदाजाने बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.) वाळे ज्यांच्याकडून घेतले होते त्यांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "आवं, एवढी वर्षं करतोय, आजवर कुणाला काय झालंय?" माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांच्यापर्यंत सांगायला आजवर कुणी गेलंच नव्हतं, एवढंच.

हे लिहितोय ते कोल्हापूर जिल्ह्यात लहान मुलांसाठी काही ना काही बनवणाऱ्या माणसांसाठी. लोकरीच्या बाहुल्या विणणाऱ्या बचत गटातल्या ताई, घरात शिलाई मशीनवर झबली-कुंच्या आणि कापडी हत्ती शिवणाऱ्या वहिनी, बेंदराला मातीचे बैल रंगवणारे कुंभारबंधू, लाकडी गाड्या खरादणारे, हुपरीत पोराबाळांचे वाळे-तोडे घडवणारे. आणि जत्रेत, प्रदर्शनात, मोबाईलवरून या वस्तू घेणारे आपण सगळे. कायदा काय म्हणतो ते सांगतो, पण कायद्यापेक्षा जास्त मी बाळाच्या तोंडाबद्दल बोलणार आहे.

आधी कायदा, कारण सध्या त्याचीच भीती जास्त आहे. केंद्र सरकारने २५ फेब्रुवारी २०२० रोजी खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. तो त्याच वर्षी सप्टेंबरपासून लागू व्हायचा होता, पुढे ढकलला गेला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेली कुठलीही वस्तू त्यात येते. अशा खेळण्यावर भारतीय मानक ब्यूरोचा परवाना घेऊन आयएसआय चिन्ह लावायचं. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ या मानकाचे वेगवेगळे भाग आहेत, विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४. चिन्ह नसलेलं खेळणं नुसतं बनवणंच नव्हे, तर विकणं, साठवणं, विक्रीसाठी मांडून ठेवणंही गुन्हा आहे. २०१६ च्या मानक ब्यूरो कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड अशी तरतूद केली गेली, दुसऱ्यांदा किमान पाच लाख. म्हणजे प्रदर्शनात टेबल लावून बसलेली बाईही कागदोपत्री याच कलमात येते.

आदेश आला तो उगाच नाही. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने आयात खेळण्यांचे १२१ नमुने तपासून घेतले, त्यातले जवळपास ६७ टक्के नापास झाले. कुठे शिशासारखे जड धातू, कुठे प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट नावाची रसायनं, कुठे धारदार कडा आणि सुटणारे तुकडे. आदेशानंतरही सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये देशभरातल्या मॉल आणि विमानतळांवरच्या चकचकीत दुकानांतून चिन्ह नसलेली १८,६०० खेळणी जप्त झाली. ही बातमी मी मुद्दाम सांगतो. काचेच्या दुकानातलं ते चांगलं आणि यात्रेत घोंगड्यावर मांडलेलं ते वाईट, असा हिशेब करायचं कारण नाही.

आता घरगुती कारागिराचं काय? इथे एक सूट आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी चुकीचं बोललं जातं. डिसेंबर २०२० मध्ये, आदेश लागू व्हायच्या आधीच, त्यात दुरुस्ती झाली. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदवलेल्या कारागिराने बनवलेल्या आणि विकलेल्या वस्तूंना आयएसआय चिन्ह लागत नाही. तसंच भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्याच्या नोंदणीकृत मालकाला आणि अधिकृत वापरकर्त्याला लागत नाही. मानांकन ही गोष्ट कोल्हापूरकराला समजावून सांगायला नको. गुळाला २०१४ मध्ये मिळालं, चपलेला २०१९ मध्ये. पण चपलेवरूनच हेही ठाऊक असेल की मानांकन गावाला मिळालं म्हणून गावातल्या प्रत्येकाला आपोआप लागू होत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून ज्याची नोंद झाली, त्यालाच ते वापरता येतं. खेळण्यांच्या सुटीचंही तसंच. "आम्ही हाताने बनवतो, आम्हाला काही लागत नाही" हे वाक्य मी प्रदर्शनांत दहा वेळा ऐकलंय. ते चूक आहे. सूट हाताला नाही, नोंदीला आहे. हस्तकला आयुक्तालयाचं 'पहचान' ओळखपत्र काढा. त्याच्या शिबिरांची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. गटातल्या एकीने काढून भागणार नाही, जी विणते तिने काढायचं.

आणि ज्यांचं काम हस्तकलेत बसत नाही? चार शिवणयंत्रं लावून कारखानदारी पद्धतीने कापडी खेळणी करणाऱ्यांना परवाना घ्यावाच लागेल. सूक्ष्म उद्योगांना मानक ब्यूरोने शुल्कात सवलती दिल्या आहेत, स्वतःची प्रयोगशाळा उभारायच्या अटीतही मुदत दिली गेली होती. या सवलती बदलत राहतात, म्हणून कुणा एजंटाच्या तोंडच्या गोष्टींवर जाऊ नका. ब्यूरोच्या पुण्यातल्या शाखा कार्यालयात एकदा समक्ष जाऊन या. उद्यम नोंदणी नसेल तर आधी ती करा. ती ऑनलाइन आणि फुकट आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

कारागिराची ही तक्रार अगदी रास्त आहे की शिशाचा रंग फासला परदेशातल्या कारखान्याने आणि तपासणीचा खर्च मात्र मी का सोसावा. अमेरिकेतही नेमकं हेच झालं होतं. २००७ मध्ये मॅटेल या बड्या कंपनीला चीनमध्ये बनवून घेतलेली लाखो खेळणी शिशाच्या रंगामुळे परत मागवावी लागली. लोक खवळले आणि २००८ मध्ये तिथे कडक कायदा झाला. मुलांची प्रत्येक वस्तू त्रयस्थ प्रयोगशाळेतून तपासून आणायची. घरात बसून लाकडी घोडे करणाऱ्या आणि बाळांच्या टोप्या विणणाऱ्या लोकांच्या पोटावर पाय आला. एका नमुन्याच्या तपासणीचा खर्च कंपनी लाखभर नगांवर वाटून टाकते, वीस टोप्या विणणारी बाई कशावर वाटणार? त्यांनी संघटना केली, भांडले, आणि २०११ मध्ये छोट्या उत्पादकांना सवलत मिळाली. मला त्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. सवलत देताना तिथल्या सरकारने काही गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या. रंगातलं शिसं, सुटणारे बारीक तुकडे, चोखण्या, पाळणे आणि मुलांचे धातूचे दागिने. यांची प्रयोगशाळेतली तपासणी लहानातल्या लहान उत्पादकालाही सुटली नाही.

आपल्याकडची सूट या बाबतीत जास्त सैल आहे असं माझं मत आहे. नोंदणीकृत कारागिराला चिन्ह लागत नाही, पण त्याऐवजी काय तपासायचं हे त्याला कुणी सांगत नाही. ती जागा आपली आपणच भरायची आहे. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे इजा झाली तर बनवणाऱ्याची जबाबदारी धरली आहे. वस्तू हाताने केली आहे, हे तिथे उत्तर होत नाही.

तर घरच्या घरी काय करता येईल?

पहिली गोष्ट, एक डबा करून घ्या. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जगभर एकच माप वापरतात. बाळाचा घसा केवढा उघडतो त्या अंदाजाने बेतलेलं एक पोकळ नळकांडं, आतून ३१.७ मिलिमीटर व्यासाचं. आपल्या भाषेत सव्वा इंच. त्याचा तळ तिरका असतो, एका बाजूला एक इंच खोल, दुसऱ्या बाजूला सव्वादोन इंच. खेळणं, किंवा खेळण्यातून सुटलेला कुठलाही भाग, न दाबता कसाही वळवून त्यात पूर्ण मावला, तर ती वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. बस्स. प्रयोगशाळेत हेच करतात. उद्यमनगरात कुठल्याही लेथवर हे माप सांगा. जिथे इंजिनाचे सुटे भाग मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत कातले जातात, तिथे हे चहा होईपर्यंतचं काम आहे. गटाने मिळून एक डबा केला तरी पुरे.

दुसरी गोष्ट, ओढून बघा. बाहुलीचा बटणाचा डोळा, गाडीचं चाक, खुळखुळ्याची टोपी. बाळ दाताने किती जोर लावतं याचा आपल्याला अंदाज नसतो. मानकात चिमटीत धरता येणाऱ्या भागाला ७० न्यूटनचा ताण देतात, म्हणजे साधारण सात किलो वजन टांगल्यासारखं. रद्दीवाल्याकडे असतो तसला हुकाचा काटा घ्या, डोळ्याला मजबूत दोरा किंवा पकड अडकवा आणि सात किलोपर्यंत सावकाश ओढा. शिवणीही तशाच ताणून बघा. डोळा निघाला तर तो डब्यात टाका. मावला की नापास. खरं सांगायचं तर बाळाच्या बाहुलीला बटण-मणी लावूच नयेत. डोळे भरतकामाने काढले तर हा प्रश्नच मिटतो. 'तीन वर्षांवरील मुलांसाठी' अशी चिठ्ठी लावून सुटका होईल असं मात्र समजू नका. मऊ कापडी बाहुली बाळाच्याच हातात जाणार हे तपासणाऱ्यालाही कळतं.

कापडी खेळण्यात तिसरी एक गोष्ट असते, आणि ती मी स्वतः बघितली आहे. तुटलेली सुई. इचलकरंजीत निर्यातीचे कपडे शिवणाऱ्यांना हा नियम माहीत असेल. सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत माल पुढे जात नाही आणि ते तुकडे वहीत चिकटवून ठेवतात. घरी मशीनवर बसणाऱ्या वहिनींनीही हे करावं. सुया मोजून घ्यायच्या, मोजून ठेवायच्या, आणि तयार बाहुलीवरून एक चांगलं लोहचुंबक फिरवायचं. भरण नवीन वापरा. शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्यांत काय काय असतं ते शिंप्यालाही ठाऊक नसतं. बाळाच्या वस्तूला लांब नाडी नको. दीड वर्षाखालच्या मुलाच्या खेळण्याला वीतभरापेक्षा लांब दोरी असू नये आणि झबल्या-टोपड्याच्या गळ्याशी बंद लावायचेच असतील तर आखूड लावा. बॅटरीची बटणासारखी चपटी सेल असलेलं काही करत असाल तर तिचं झाकण स्क्रूचं हवं. ती सेल पोटात किंवा अन्ननलिकेत अडकली तर तासा-दोन तासांत आतून भाजते. तिथे 'बघू उद्या सकाळी' चालत नाही.

आता रंग. इथे घरची तपासणी संपते, कारण शिसं डोळ्यांना दिसत नाही, वासाला येत नाही. उलट शिशाचा पिवळा आणि केशरी रंग जास्त झळझळीत दिसतो आणि जास्त टिकतो, म्हणून तर तो वापरला जायचा. शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते लहान मुलाच्या मेंदूवर परिणाम करतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. पण करण्यासारखं एक आहे. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं असायला बंदी आहे आणि तसं डब्यावर छापावं लागतं. ती ओळ वाचूनच डबा घ्या. गाड्यांना, यंत्रांना, ग्रीलला मारायचे औद्योगिक रंग या नियमात येत नाहीत. गॅरेजमधून उरलेला डबा स्वस्तात मिळाला म्हणून लाकडी गाडीला मारू नका. सुट्टा, पुडीत बांधून मिळणारा रंगही नको. डब्याचं बिल जपून ठेवा.

बेंदराच्या बैलांबद्दल मला वाद घालायचा नाही. ते पूजेचे आहेत, खेळणं म्हणून विकलेले नाहीत. पण पूजा झाली की दुसऱ्या दिवसापासून ते कुणाच्या हातात असतात हे कुंभारालाही माहीत आहे आणि मलाही. शिंगं चाटत बसलेलं पोर प्रत्येक घरात असतं. म्हणून पिवळं-लाल शिंग रंगवताना डबा तेवढा बघून घ्या. पूर्वी गेरू-चुन्यावर भागायचं, ते काही वाईट दिसत नव्हतं.

आणि वाळे. निव्वळ दागिना म्हणून घडवलेली वस्तू खेळण्यांच्या आदेशात सहसा धरली जात नाही. चांदीचं हॉलमार्किंगही ऐच्छिक आहे आणि ते शुद्धता सांगतं, घुंगरू किती घट्ट आहे ते सांगत नाही. म्हणजे आपल्या जिल्ह्यातली सर्वांत नावाजलेली बाळवस्तू दोन्ही नियमांच्या मधल्या फटीत पडते. हुपरीचं काम देशभर जातं, हाताची सफाई वादातीत आहे. म्हणूनच तिथल्या कारागिरांना माझी हात जोडून विनंती आहे. बाळाच्या वाळ्याला घुंगरू लावूच नका, किंवा लावलं तर आधी ओढून बघा. दुसरं, डाख. कॅडमियम घातलेला डाख लवकर वितळतो म्हणून सोयीचा पडतो. पण भट्टीवर त्याचा धूर पहिल्यांदा तुमच्याच छातीत जातो, मग उरलेला बाळाच्या तोंडात. कॅडमियमविना डाख मिळतो. बाळांच्या मालासाठी तरी तोच वापरा आणि गिऱ्हाइकाला तसं सांगा. गिऱ्हाईक चार पैसे जास्त देईल. मी तरी देईन.

कपड्यांचं थोडक्यात. झबल्याला आयएसआय चिन्ह लागत नाही, पण कापड कुठल्या रंगात बुडवलंय याला महत्त्व आहे. कर्करोगाशी संबंध असलेल्या ११२ बेंझिडीन आणि अझो रंगांवर आपल्या देशात १९९० च्या दशकापासून बंदी आहे. व्यापाऱ्याकडून ठोक कापड घेताना रंगाचा प्रकार विचारा. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग निघाला तर ते कापड बाळाच्या अंगाला लावू नका.

जे प्रयोगशाळेतच कळतं, त्यासाठी पैसे गटाने एकत्र काढा. पाच गट एकाच दुकानाची लोकर, तोच दोरा, तेच भरण वापरत असतील, तर त्या कच्च्या मालाची एकदा तपासणी करून अहवालाची प्रत सगळ्यांनी ठेवावी. आज होतं असं की जो तो वेगळीकडून स्वस्तातलं उचलतो, म्हणून कुणालाच तपासणी परवडत नाही. आणि एक वही घाला. कुठल्या तारखेला कुठल्या लोकरीच्या किती बाहुल्या केल्या, कुठे विकल्या. प्रत्येक बाहुलीच्या चिठ्ठीवर नाव, पत्ता, फोन आणि तो वहीतला क्रमांक. उद्या एका बाहुलीत खोट निघाली तर चाळीस परत मागवायच्या की चारशे, हे त्या वहीवर ठरेल.

आता घेणाऱ्यांशी दोन शब्द. दुकानातलं खेळणं घेताना आयएसआय चिन्ह बघा. त्याच्या वर आयएस क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल असं लिहून परवान्याचा क्रमांक. मोबाईलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो क्रमांक घातला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं. नुसतं चिन्ह छापायला कुणालाही येतं, म्हणून क्रमांक तपासायचा. चिन्ह खोटं वाटलं किंवा वस्तूने इजा झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. हाताने केलेल्या वस्तूंना चिन्ह नसेल तर लगेच तोंड वळवू नका. विचारा, ओळखपत्र आहे का, रंग कुठला, डोळे ओढून बघू का? ज्याने नीट काम केलंय तो खुशीने दाखवतो. मात्र एवढं विचारून वर शंभराच्या बाहुलीला साठ रुपये देऊ नका. भरतकामाच्या डोळ्यांना बटणापेक्षा वेळ लागतो, त्याची मजुरी कुणीतरी द्यायलाच हवी.

आमच्या गल्लीतल्या एक वहिनी बाहुल्या विणतात. घुंगराची हकिगत ऐकल्यावर त्यांनी उद्यमनगरातून तो सव्वा इंचाचा डबा कातून आणला, ॲल्युमिनियमचा. ओळखपत्राचा अर्ज केलाय, ते अजून यायचंय. पहिल्याच दिवशी त्यांच्या स्वतःच्या सहा बाहुल्या नापास झाल्या. त्यांनी सगळे मणी उसवले आणि डोळे दोऱ्याने काढले. परवाच्या प्रदर्शनात तो डबा त्यांनी टेबलावरच ठेवला होता. मी गेलो तेव्हा एक आजोबा नातवाला कडेवर घेऊन तिथे उभे होते. पलीकडच्या स्टॉलवरून घेतलेल्या गाडीचं निखळलेलं चाक त्या डब्यात टाकून ते बघत होते. चाक सरळ तळाला गेलं. त्यांनी ते खिशात टाकलं आणि गाडी परत द्यायला पलीकडे निघाले.